आबांचे मार्क

गोधडी शिवायची म्हणून कुणी मुद्दाम चिंध्या जमवत नाही. एक चिंधी टाकवत नाही म्हणून ठेवायची, मग दुसरी, आणि एक दिवस ट्रंकेचं झाकण बसेनासं होतं. किश्शांचं तसंच आहे. मी सातवी शिकलेली बाई, माझ्याकडं किस्से कुठून येणार? पण बारामतीच्या एका दवाखान्यातल्या बाकड्यावर दर सोमवारी बसायला लागले, आणि माझ्या ट्रंकेचं झाकण काही बसेना!

त्याचं असं झालं. आम्ही निरवांगीचे. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, वारं गेलं. डॉक्टर लकवा म्हणाले, पुण्याचे पाहुणे स्ट्रोक म्हणाले, पण व्हायचं ते झालं. उजवा हात आणि उजवा पाय संपावर गेले. तोंड मात्र पहिल्या आठवड्यातच कामावर हजर झालं! त्याच वेळी माझा सोन्या भिंत धरून उभा राहायला लागला होता. म्हणजे एकाला धरावं तर दुसरा पडतोय. मुळात मी घाबरट. दूध उतू जायच्या आधीच ओरडणारी. आणि आबांचं रोज एकच, "शालन, पोराला दे की जरा मांडीवर."

मी रोज नवं कारण काढायची. त्याला झोप आलीय, त्याचं नाक वाहतंय. खरं कारण हेच की आबांचा हात सुटला तर? एक दिवस कारणं संपली, तेव्हा म्हणून टाकलं, "दवाखान्यातल्या ताई पैकीच्या पैकी मार्क देतील, त्या दिवशी घ्या!"

आबा म्हणाले, "वचन?"

मी म्हटलं, "वचन."

*

हो, तिथं मार्क मिळायचे! मंजिरीताई म्हणून एक फिजिओ होत्या, पुण्याला शिकून आलेल्या. अंगानं उसाच्या कांडीएवढ्या, पण आवाज कंडक्टरचा. व्यायाम करून घ्यायच्या आणि माणूस कुणाच्या मदतीशिवाय काय काय करतो ते बघून मार्क द्यायच्या. हातानं जेवतो का, कपडे घालतो का, अंघोळ करतो का, उठून चालतो का.

पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आबा, उजवा हात वर करा."

आबांनी डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं आणि झेंड्यासारखा वर नेला. "झाला!"

"तसा नाही. दुसऱ्या हाताच्या मदतीशिवाय."

"आवं ताई, त्यो हात काय शेजाऱ्याचा हाय का? माझाच हाय की!"

ताईंनी शून्य दिलं. आबा एस्टीत इंदापूरच्या हद्दीपर्यंत कुरकुरत होते. "सोताचा हात लावला तर मार्क कापत्यात. आसली कुठं परीक्षा आसती व्हय?"

*

आबांची खरी अडचण हात-पाय नव्हतीच. अडचण होती आत्याबाई, माझ्या सासूबाई!

ताई विचारायच्या, "आबा, खांदा दुखतो का?" आत्याबाई सांगायच्या, "न्हाय, आता दुखत न्हाय." ताई म्हणायच्या, "आबा, कंगवा घ्या." कंगवा आत्याबाईंच्या हातात! आबांनी बटणाला बोट लावलं की आत्याबाईंचं बोट तिथं आधीच पोचलेलं.

"आजी, तुम्ही हात लावू नका हं."

"म्या कुठं हात लावला?" असं म्हणत आत्याबाई दुसरं बटण लावायच्या.

शेवटी ताईंनी त्यांना बाहेर घालवलं आणि दार लावलं. मग आबांना पाण्याचा पेला दिला. आबांनी तो थरथरत उचलला, ओठाजवळ नेला. ताई एकदम हसायलाच लागल्या. मी वळून बघते तर बाहेर खिडकीच्या गजाला आत्याबाई लटकलेल्या, त्यांनी आ वासलेला, आणि आबांनी घोट घेतला तसा त्यांनी पण गिळला!

ताई म्हणाल्या, "आबा अर्धा पेला प्याले. आजी पूर्ण प्याल्या. मार्क कुणाला देऊ?"

*

आमच्या बाकड्यावर भिगवणचे तात्या असायचे. मासळीचे व्यापारी. त्यांची डावी बाजू गेलेली, पण आता काठी घेऊन चालायचे.

त्यांची चालायची परीक्षा होती. खुर्चीतून उठायचं, दाराजवळच्या खडूच्या रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. ताई हातात घड्याळ घेऊन उभ्या. "घाई नाही तात्या, तुमच्या नेहमीच्या चालीनं चाला."

तात्या उठले. झकास चालत रेघेपर्यंत गेले. आणि रेघ ओलांडून दारातून गेले ते गेलेच! ताईंना वाटलं, वळायला वेळ लागतोय. आम्ही सगळे दाराकडं बघतोय, घड्याळ चालूच. ताईंनी बाहेर डोकावलं तर तात्या रस्त्यापलीकडच्या टपरीवर बशीतनं चहा फुंकत बसलेले!

"अहो तात्या! परत यायचं होतं ना!"

"येतोय की! तुमीच म्हन्ला न्हेमीवानी चाला. मी न्हेमी हितंवर येतो, चा पेतो, मग माघारी जातो."

ताईंनी घड्याळ बंद केलं. आबा मला म्हणाले, "बघ, मासे इकनारा मानूस. जाळ्यात गावत न्हाय!"

*

तात्या आधी आत जायचे, आबा नंतर. त्यामुळं तात्या बाहेर आले की आबा विचारायचे, "आज काय काय इचारलं?" अगदी शाळेसारखं!

एका सोमवारी तात्या म्हणाले, "आज बटनं. सदऱ्याची पाची बटनं लावायची. आपून तर नापास." आबांचा नंबर त्या दिवशी आलाच नाही, ताईंनी पुढच्या सोमवारी बोलावलं. मग काय, पेपर फुटलेला आणि हातात अख्खा आठवडा!

घरी आबा आणि आत्याबाईंचं काहीतरी कुजबुज चालायचं. मला वाटलं, सराव चाललाय.

सोमवारी आबा धुतलेला पांढरा सदरा घालून गेले. ताई म्हणाल्या, "लावा बटणं." आबांनी उजवा हात पुढं केला आणि टपाटप, टपाटप पाची बटणं लावली! ताईंनी टाळी वाजवली. तात्यांचं तोंड उघडंच. ताई मार्क लिहायला वाकल्या, तेवढ्यात आबांना ठसका लागला. एकच ठसका, आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं एकदम उघडली!

आत्याबाईंनी बटणांची काजं कापून एवढी मोठी केली होती की त्यातनं लिंबू गेलं असतं!

ताईंनी सदरा उलटासुलटा करून बघितला. "हे कुणी केलं?"

आबा म्हणाले, "उंदरानं."

"पाची काजं सारखी कुरतडली?"

आत्याबाई पदराच्या आडून म्हणाल्या, "आमच्याकडचं उंदीर नीटनेटकं हायती."

*

आता हा किस्सा सांगताना मला आजही धडकी भरते, तुम्ही खुशाल हसा.

सोन्या एक दिवस भिंत सोडून चालला. मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात बघते तर काय! पोरगं उजवा पाय ओढत होतं! उजवा हात कोपरात वाकवून छातीशी धरलेला, आणि पाय असा बाहेरनं गोल फिरवून टाकत होतं!

मी त्याला उचललं आणि मिळेल त्या गाडीनं बारामती गाठली. सोमवार नव्हता, काही नव्हतं. मागनं आबा आणि आत्याबाई. दवाखान्यात शिरल्या शिरल्या मी गळाच काढला, "ताई, माझ्या लेकराला पण वारं गेलं!"

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी सोन्याला खाली उभं केलं. तो तसाच चालला, पाय ओढत, हात छातीशी. ताईंनी त्याचे पाय दाबून बघितले, हात हलवून बघितला. मग आबांना म्हणाल्या, "आबा, तुम्ही जरा चालून दाखवा."

आबा चालले. उजवा पाय ओढत, हात छातीशी. मागोमाग सोन्या. एक मोठा, एक छोटा, दोघं तंतोतंत!

ताईंनी पर्समधनं बिस्किटाचा पुडा काढला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला धरला. सोन्या असा सुटला, असा सुटला, दोन्ही हात वर, की शर्यतीतला खोंड मागं पडावा!

"काही झालं नाही याला," ताई म्हणाल्या. "माणसं अशीच चालतात, असं वाटलंय त्याला. घरात दिवसभर आबांनाच बघतोय ना."

आबांची छाती फुगली. "माझ्यावर गेलंय!"

पण मी त्या दिवसापासून सोन्याला आबांच्या खोलीत सोडायचं पण बंद केलं. आबा दुसऱ्या दिवशीपासून पाय उचलून टाकायला लागले. अंगणात आपले चाललेत, "उचल... टाक... उचल... टाक." मी विचारलं, "एवढं कशाला दमता?" तर म्हणाले, "पोरगं बघतंय."

*

मग आला जिना. ताईंना जिन्याचे मार्क द्यायचे होते आणि दवाखान्याच्या जिन्यावर रंगकाम चाललेलं.

"घरी जिना आहे का?"

"आमचं पत्र्याचं घर. जिना लावला तर माळ्यावर न्हाय, आभाळात जाईल."

"मग तुम्ही कशावर चढता?"

"एस्टीत."

ताईंना ते पटलं. दवाखान्यासमोरच थांबा होता. आमची गाडी आली तशी ताई मागोमाग. कंडक्टरला म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबा, यांची परीक्षा आहे." झालं! सगळी गाडी खिडकीतनं बाहेर. "उचला पाय आबा! दांडा धरा! डाव्यानं न्हवं, उजव्यानं!" एक आजीबाई तर देवाचं नाव घ्यायला लागल्या.

आबा चढले! कुणाचा हात न लागता! ताई बघायला म्हणून मागनं चढल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांच्या भरात कंडक्टरनं घंटी मारली!

ताई पुढच्या फाट्यावर उतरल्या. तोवर कंडक्टरनं त्यांना तिकीट फाडलं होतं. "मार्क तुमी द्यायचं, तिकिट आमी द्यायचं," म्हणाला. "ज्याचं त्याचं खातं!"

*

शेवटची परीक्षा आमच्या घरी झाली. ताई म्हणाल्या, "दवाखान्यातली खुर्ची वेगळी आणि घरातला पाट वेगळा. मी घरीच येऊन बघते."

आल्या आल्या त्यांनी आत्याबाईंच्या मांडीवर गव्हाचं सूप दिलं. "आजी, हे निवडायचं. हात सुपातनं निघता कामा नये."

आबांनी चुलवणावरनं अंघोळीचं पाणी आपलं आपण काढून घेतलं. सदरा घातला, बटणं लावली, आणि या वेळी मुद्दाम खोकून दाखवलं! फेटा बांधायची वेळ आली. दुसरं टोक धरायला माणूस लागतो, आणि मदत तर घ्यायची नाही. आबांनी एक टोक दाराच्या कडीत अडकवलं, दुसरं डाव्या हातानं डोक्याशी धरलं आणि स्वतःच गरागरा फिरत दारापर्यंत गेले. फेटा जरा कानावर आला, पण बसला!

मग जेवले. जेवून झाल्यावर स्वतःचं ताट उचललं, मोरीत नेलं आणि विसळलं.

आत्याबाईंच्या हातनं सूप पडलं. सगळा गहू घरभर. "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा ताट उचाललं वो ताई! लकवा बरा म्हनायचा की!"

ताई म्हणाल्या, "सगळे मार्क मिळाले आबा. फक्त उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, तेवढे राहिले."

आबांनी माझ्याकडं बघितलं. सोन्या माझ्या कडेवर. मी नजर खाली घातली. पैकीच्या पैकी म्हणजे पैकीच्या पैकी. मी तरी काय करू? माझा जीवच होईना.

एवढ्यात आमचे हे आले. कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतात. दारातनंच, "शालन, पानी!" आणि पाटावर बसले. आबांचे मार्क ऐकून म्हणाले, "माझं पन घ्या की मार्क ताई! धडधाकट मानूस हाय."

ताईंनी सरळ विचारायला सुरुवात केली. "अंघोळीचं पाणी कोण काढतं?"

"ही काढती."

"टॉवेल?"

"खुंटीवर आसतो. पन ही देती."

"बनियन सापडतो?"

"ही घरात आसली तर."

"जेवायला वाढून घेता?"

"न्हाय."

"ताट उचलता?"

हे हसले. "मी? ताट?"

ताईंनी बेरीज केली आणि मान हलवली. "आबांच्या निम्मे पण नाहीत हो! यांना कधीपासून त्रास आहे?"

आत्याबाई गहू गोळा करता करता म्हणाल्या, "जल्मापास्नं."

मला हसू आवरेना. डोळ्यातनं पाणी यायला लागलं. आबा पाटावर नीट मांडी ठोकून बसले, फेटा सावरला आणि म्हणाले, "शालन, पोरगं दे हिकडं. सोमवारी माझ्या ह्या बबन्याला न्यायाचंय बारामतीला. तुला हात मोकळं पायजेत."

हसता हसता मी सोन्याला त्यांच्या मांडीवर दिलं. आबांनी डावा हात त्याच्याभोवती घट्ट आवळला.

हे पाटावरनं म्हणाले, "आन् माझं पानी?"

आबांचा डावा हात सोन्याभोवती गुंतलेला. त्यांनी उजवा वर उचलला, सरळ, खांद्याच्याही वर, आणि ह्यांना कोपऱ्यातला माठ दाखवला.