डालग्याखालची मुलगी

मी चौथी शिकलेली. गावात नर्सबाई यायच्या आधी बाळंतपणं मीच करायची. आता हात कापतात, म्हणून आशाताई घरभेटीला जाताना मला नुसती सोबत नेते.

मांडवगण फराट्याच्या खाली नदीकाठी मासे धरणाऱ्या भिल्लांच्या सात-आठ झोपड्या आहेत. उसातून पायवाटेनं जावं लागतं. तिथल्या एका घरातल्या सुनेचे दिवस भरले होते. तिची आधीची दोन बाळं पाचवीच्या आतच गेली होती.

हिवाळ्यातली सकाळ होती. आम्ही पोचलो तरी कुत्री भुंकली नाहीत. सून दारात बसली होती. पोट उतरलेलं, चोळी दुधानं ओली.

"बाळ कुठंय गं?" आशाताईनं विचारलं.

"न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"झालंच न्हाई."

सासू जाळं सांधत होती. मान वर न करता म्हणाली, "हितं बाळ न्हाई, ताई. जावा तुम्ही. च्या बी न्हाई, साखर संपलीय."

आशाताई माझ्या कानाशी आली. "मावशी, गेलं वाटतं. पुरलं आसंल."

"पुरलं आसतं तर रडली आसती. ही कान लावून बसलीय."

मग मीही कान लावला. काही ऐकू आलं नाही. आत कोपऱ्यात कोंबड्यांचं डालगं पालथं होतं आणि कोंबड्या तर बाहेर फिरत होत्या. मी डालगं उचललं.

खाली चिंध्यांत मूठभर मुलगी. डोळे उघडे, रडणं नाही. पाय हातात घेतला, नदीतल्या गोट्यासारखा गार. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या खांद्यामागं बघत होती. इतक्या लहान बाळाला नीट दिसत नसतं, हे मला माहीत आहे. तरी मी मागं वळून पाहिलं.

सासूनं सांगितलं ते असं. आधीची दोन झाली तेव्हा गावभर सांगितलं, म्हणून ती नेणाऱ्याला कळली. या वेळी पाचवी होईपर्यंत बाळ नाहीच म्हणायचं. आईनं धरायचं नाही, पाजायचं नाही. बाळाची चुलती बोळ्यानं शेळीचं दूध घालत होती. तो तिसरा दिवस होता.

"ती दोघं थंडीनं गेली," मी म्हणाले. "ही बी सांजपातूर जाईल."

"हळू बोला." सासूनं दाराकडं पाहिलं. दारात सुनेशिवाय कुणी नव्हतं.

मी मुलगी पुढं केली, तर सुनेनं तोंड फिरवलं. समजावत बसले असते तर मुलगी हातची गेली असती. आमच्यातही मूल जगत नसलं की ते उकिरड्यावर ठेवायचं, दुसरीनं उचलायचं आणि तिचंच म्हणायचं, अशी चाल होती. मी मुलगी लुगड्याच्या आत उराला लावली आणि मोठ्यानं म्हणाले, "ही मला घावली. हाय का कुणाची?"

सासूनं मान पुन्हा जाळ्यात घातली.

"मग माझी. मला दूध न्हाई. सूनबाई, माझ्या लेकीला तू पाज. उघड्या छातीला धर, वरनं गोधडी घे."

"ह्या वयात बाळंत झाला व्हय, आक्का?" सासू म्हणाली. हसलं कुणीच नाही.

सुनेनं मुलगी घेतली. पाजताना ती सारा वेळ नदीकडं बघत होती.

आशाताईनं बोलावलेली दवाखान्याची गाडी दुपारी उसापलीकडच्या रस्त्यावर आली. दवाखान्यात आईचं नाव विचारलं तर सासूसुना दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. डॉक्टरीणबाई आम्हा तिघींवर चिडल्या. मुलगी बरेच दिवस उबेच्या पेटीत होती.

ती जगली. आता चार वर्षांची आहे, राहते वस्तीवर त्यांच्याच घरात. मला आई म्हणते आणि जिनं जन्म दिला तिला वहिनी. वस्तीतल्या बाया आता बाळंतपणाला दवाखान्यात जातात, बाळ उराशी धरून परत येतात. पण या मुलीचं खरं कुणी बोलू देत नाही.

मागं मी सुनेला विचारलं, "तिला कवा सांगणार?"

"तुम्ही गेल्यावर," ती म्हणाली. त्यात वाईट काही नव्हतं. बाजाराचा वार सांगावा तशी म्हणाली.

तेव्हापासून भेटली की विचारते, "आक्का, तब्येत बरी हाय नव्हं?" आणि उत्तर ऐकायला जरा जास्तच जवळ येते.