नाकासमोरचं वावर

फोटो समोर आला की काकू आधी दोन पुठ्ठे हातात घ्यायच्या. फोटोपेपरच्या जुन्या खोक्यातून काटकोनात कापलेले, काळे. एक वरच्या कोपऱ्यावर ठेवायच्या, दुसरा खालच्या. मग दोन्ही हळूहळू एकमेकांकडे सरकवायच्या. आधी विजेचा खांब जायचा, मग बाभूळ, मग मागचं दुसरं हरीण. चौकटीत एकच जीव उरला की त्यांचे हात थांबायचे.

"जनावर एक," त्या म्हणायच्या. "बाकी सारे पाहुणे."

शेजारी संगणक होता. तिथे हेच काम क्षणात झालं असतं. पण निर्णय पुठ्ठ्यांवर व्हायचा, संगणकानं फक्त हुकूम पाळायचा.

अमडापूरच्या बाजारगल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, लॅमिनेशन. दर्शनी भिंतीवर मात्र एकही नवरदेव नव्हता. मोर, काळवीट, इथे रोही म्हणतात ती नीलगाय, पाठमोरं अस्वल, प्रत्येक आपापल्या चौकटीत एकटं. चिखलीकडून शेगावला दर्शनाला निघालेली माणसं चहासाठी थांबली की आत डोकावायची आणि विचारायची, "हे कुठलं जंगल म्हणायचं?"

काकू दाराबाहेर बोट दाखवायच्या. "इथलंच. तुमी आता त्याच्यातूनच तं आले."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते पत्रक छापून घ्यायला. आमच्या गावालगतचा माळ कागदावर 'पडीक' ठरवून तिथे गिट्टी क्रशर आणायचं घाटत होतं आणि आम्ही काही जण त्याविरुद्ध उभे होतो. आमच्या घरात पत्रकं वडिलांपासूनची. मी अक्षरं गिरवली तीही सभांच्या उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर. त्यामुळे पत्रकात रिकामी जागा सोडणं मला ताटात अन्न टाकण्यासारखं वाटायचं. काकूंनी माझा खच्चून भरलेला कागद टेबलावर ठेवला, पुठ्ठे उचलले आणि सरकवत सरकवत एका ओळीपाशी आणले. 'हा माळ रिकामा नाही.'

"आणि बाकीचं?" मी विचारलं.

"पाहुणे."

मी भांडले. भांडून चार ओळी परत मिळवल्या. उद्गारचिन्हं मात्र त्यांनी एकही ठेवू दिलं नाही. "येवढं वरडून काऊन राह्यली वं? लोकं बहिरे हायेत का?"

तिथून माझं जाणं-येणं वाढलं. तुम्हीही असं एखादं दुकान पाहिलं असेल, जिथे काम संपतं पण पाय निघत नाही. काकू फोटो कापायच्या आणि मी बघत बसायची. जनावर ज्या दिशेला तोंड करून आहे, त्या दिशेला त्या भरपूर जागा ठेवायच्या आणि शेपटीकडची बाजू कापायच्या. "त्याच्या नाकासमोर वावर ठेव," त्या सांगायच्या. "भिंतीले नाक लावून उभं केलं तं शिक्षा झालेल्या पोरावानी दिसते."

एकदा चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. शुभेच्छुकांचे चेहरे मावेनात म्हणून फ्लेक्सवाल्यानं काकूंचं काळवीट गुडघ्यापाशी कापून टाकलं होतं. फोटो न विचारता घेतला याचा काकूंना फारसा राग नव्हता. त्या भर बाजारात फ्लेक्सवाल्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टोंगयात तोडलं बे तू त्याले. आता ते पयन कसं?" तो हसला. काकू हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यानं नवा फ्लेक्स लावला. त्यात काळविटाला चारही खूर होते आणि शुभेच्छुक थोडे कमी होते. त्याबद्दल त्याला काय ऐकावं लागलं असेल, ते तोच जाणे.

काकूंचे यजमान भाजीचे अडते. लिलावाला जाताना ते काकूंना टेम्पोतून माळावर सोडायचे आणि परतताना घ्यायचे. त्यांची एकच तक्रार होती.

"येवढा संसार केला, पण माहा एक बी फोटो नाई काढला इनं."

"तुमी हालता," काकू म्हणायच्या.

"रोही हालत नाई का?"

"रोही बोलत नाई."

मग एकदा मी चहाचा कप काकूंच्या उजव्या हाताशी ठेवला आणि त्यांना तो सापडेना. कप तिथेच होता. त्यांनी पूर्ण मान वळवली तेव्हा दिसला. त्या आठवड्यात दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा दोनदा आपटलेला मी पाहिला होता. मी विचारलं.

"बुलढाण्याच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगतला," काकू म्हणाल्या. "कडा गेल्या. मधलं हाये अजून."

"इलाज?"

"थेंब टाकायचे. हाये ते टिकलं तं टिकलं. गेलेलं येत नाई." त्यांनी पुठ्ठे खणात सरकवले. "आता हे लागत नाई मले. डोयेच कापून देते." आणि त्या खरोखर हसल्या.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. लांडगा. सबंध, चारही पायांवर चालणारा. बाकी सगळी जनावरं भिंतीवर होती, लांडगा नव्हता. मी म्हटलं, इतकी वर्षं माळावर जाता, मग तोच कसा राहिला?

"तो समोरून येतच नाई वं. कडेनं येते. आपण पाहतो एकीकडं, अन् तो दुसरीकडून निघून जाते. डोये चांगले होते तवा बी मले त्याची शेपूटच दिसली. आता तं कडाच नाई." मग म्हणाल्या, "तू चाल माह्यासंगं. तू कडा हो."

"काकू, मी फार बोलते."

"मंग तोंड शिवून ये."

त्या हिवाळ्यात मी तोंड शिवून माळावर गेले. काकू एका धोंड्याला टेकून बसायच्या, कॅमेरा मांडीवर. मी त्यांच्या खांद्यामागे. ठरलं होतं की डावीकडे काही हाललं तर डाव्या कोपराला बोट लावायचं, उजवीकडे हाललं तर उजव्या. मला समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून भांडायची सवय. दोन्ही टोकांकडे एकदम बघत राहणं मला शिकावं लागलं. शिकले, आणि ज्या माळासाठी मी इतकं लिहिलं होतं तो मी पाहिलाच नव्हता असं वाटायला लागलं. दवानं वाकलेलं कुसळी गवत ऊन चढेल तसं पाठ सरळ करतं. तितर आधी ओरडतो, मग दिसतो. कोळ्याच्या जाळ्यात सबंध सूर्य अडकतो आणि जाळं तुटत नाही.

लांडगा मात्र येईना. एका सकाळी काकू हळूच म्हणाल्या, "आज मधलं बी धुरकट हाये." त्यानंतर त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. काका लिलावाला उशिरा पोहोचू लागले, तरी टेम्पो रोज आधी माळाकडेच वळायचा.

आणि मग तो आला. आला असं तरी कसं म्हणू? उजवीकडे गवत होतं, आणि पुढच्या क्षणी त्या गवताला कान होते. मी काकूंच्या कोपराला बोट लावलं. त्या कमरेपासून वळल्या, घाई न करता, आणि वळता वळताच त्यांनी लेन्स मागे फिरवून दृश्य रुंद करून घेतलं. तो थांबला. त्यानं आमच्याकडे पाहिलं. मी मोर्चात पोलिसांसमोर उभी राहिले आहे, सभेत मोठमोठ्यांना प्रश्न विचारले आहेत. पण इतक्या शांतपणे माझ्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं आम्हाला पाहिलं, जोखलं, आणि त्याच्या लेखी आम्ही त्या धोंड्याइतकेच ठरलो. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते आणि मला त्याचे आभार मानावेसे वाटत होते.

कॅमेऱ्याचा आवाज एकदाच झाला. तो निघाला. उंच पायांवर, गवताला न दुखवता, नाल्याच्या दिशेनं उतरून गेला.

काकूंनी कॅमेरा डोळ्यावरून काढला नव्हता. "गेला?"

"गेला."

"लय मोठा होता का वं?"

"तुम्ही पाहिला ना काकू?"

"तोंड पाह्यलं. तेवढंच मावलं."

स्टुडिओत फोटो पडद्यावर उघडला. उजव्या टोकाशी लांडगा, पायांच्या नखांपासून शेपटीपर्यंत सबंध, आणि त्याच्या पुढे डावीकडे नुसता माळ, दूरवर. मी म्हटलं, जवळून कापा. पत्रकावर चेहरा मोठा हवा, लोकांच्या काळजात गेला पाहिजे.

"तोंड मोठं केलं तं लोकं काठी शोधतीन," काकू म्हणाल्या. "माळ दिसला तं त्याचं घर दिसन."

"पण इतका माळ? निम्मा तरी कापा. एरवी तुम्ही कापलाच असता."

"एरवी मले माळ दिसत होता."

फोटो न कापता छापला, खाली 'हा माळ रिकामा नाही' ही एकच ओळ. मला आजही वाटतं, थोडा जवळ घेतला असता तरी चाललं असतं. क्रशर अजून आलेलं नाही. टळलं असंही म्हणवत नाही. आम्ही लढतो आहोत.

स्टुडिओ बंद झाला, त्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. गल्लीतून जाताना मी तिकडे बघत नाही. परवा काकूंच्या घरी गेले होते. काकांनी तो फोटो भिंतभर लांब करून चांगल्या कागदावर छापून घेतला आहे. काकूंना आता मधलंही धड दिसत नाही, फार जवळून एखादा तळहाताएवढा तुकडा दिसतो, तोही उजेड चांगला असला तर. मी गेले तेव्हा खिडकी सताड उघडी होती आणि काकू फोटोच्या डाव्या टोकाशी, कागदाला जवळजवळ नाक लावून उभ्या होत्या.

मी हाक मारणार तेवढ्यात काकांनी हातानं थांबवलं. काकू एकेक पाऊल उजवीकडे सरकत होत्या. एक काडी पाहायच्या, मग तिच्या शेजारची. एका दगडापाशी बराच वेळ थांबल्या. सबंध माळ त्या चालून जात होत्या. काकांच्या हातातल्या चहावर साय आली. मी आणि काका दाराशी उभे, आणि का कोण जाणे, दोघंही श्वास रोखून.

"काकू," शेवटी मी हलक्या आवाजात म्हटलं.

त्यांनी मान वळवली नाही. नुसता हात मागे करून मला गप्प केलं.

"थांब वं. अजून आला नाई."