भिंतीपुढची घोडी

डांगे चौकात वरातीची घोडी शेजारून गेली. तिच्या घामाचा वास मला थेट चाकणला घेऊन गेला.

पूर्वी माझे वडील, आबा, घोडीवर आणि मी पायी, असे आम्ही दोन दिवसांत भीमाशंकर गाठायचो. पुढे ती घोडवाट नव्या कंपनीच्या आवारात गेली आणि मी तिथंच वॉचमन लागलो. त्या वर्षीही आबा भीमाशंकरला जायला घोडीवर बसून आले. ती कंपाउंडच्या भिंतीला नाक लावून उभी राहिली, हलेचना.

"तिला वाट ठावं हाय, भिंत न्हाई," आबा म्हणाले.

आतून साहेब बघत होते. मी घोडीच्या पुठ्ठ्यावर काठी हाणली. नोकरी वाचली, एवढंच तेव्हा वाटलं.

आबांनी उतरून तिच्या पुठ्ठ्यावर हात फिरवला, तिला वळवलं आणि मला म्हणाले, "येतो, सायेब."