मुद्देमालावर कोरलेला नंबर

ती घटना आठवली की आजही माझा मलाच राग येतो. खून, दरोडे, जंगलातल्या चकमकी, सगळं पाहिलं नोकरीत. त्यातलं बरंच आता धूसर झालं. पण सीमेपलीकडच्या, हिंदी मुलखातल्या बालाघाटला ठाणेदार असताना हातून झालेली ही गोष्ट काही केल्या मनातून जात नाही. नाव कोणाचंच घेणार नाही.

घरोघरी डीव्हीडी प्लेअर आले होते तो काळ. लोक सरसकट सीडीच म्हणायचे. नव्या सिनेमांच्या नकली सीड्या बाजारात उघड विकल्या जायच्या आणि वरून आम्हाला सारखा तगादा, कारवाई करा, कारवाई दाखवा. अशात एका सकाळी आमचा फोटोग्राफर ठाण्यात आला. आमचा म्हणजे, स्टुडिओ त्याचा स्वतःचा, धंदा लग्नाच्या शूटिंगचा. पण घटनास्थळाचे आणि प्रेतांचे फोटो काढायला आम्ही त्यालाच बोलवायचो. त्यामुळे विश्वासाचा माणूस.

"साहेब, भरवेलीच्या खाण कॉलनीत एक रिटायर म्हातारा घरात डुप्लिकेट सीड्या काढून राह्यला," तो म्हणाला. "तीन-तीन मशिना आहेत त्याच्याकडे."

खबर पडताळून पाहायला हवी होती. नाही पाहिली. खबर देणारा आपल्या बैठकीतला असला की पोलीस आळशी होतो.

दुपारी दोन पंच घेऊन आम्ही धाड घातली. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत खरंच तीन प्लेअर, एक जुना कॉम्प्युटर, वायरींचा गुंता आणि कोऱ्या सीड्यांची चवड. मधोमध मॅंगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेला एक माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा. आम्हाला पाहून घाबरायचं सोडून त्याने विचारलं, "तुमच्यात कोणाले येते का हो हे कॉपी करता?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, म्हातारा भलताच पोचलेला दिसतो. सगळं जप्त केलं, पंचनामा केला आणि त्याला गाडीत घातलं.

ठाण्यात मी आवाज चढवला. "कोणाला विकतोस? माल कुठून येतो?"

"विकाले काय आहे साहेब? मायी बायको विकू काय?"

मी टेबलावर हात आपटला. तो दचकला नाही. म्हणाला, "ते एक सीडी आहे ना, पोरीच्या फोटोवाली, तिले तेवढं घासू नका. बाकी समदं फेकून द्या."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याची बायको वर्षापूर्वी गेली. तिचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, मुलीच्या लग्नाच्या सीडीत. हळदीच्या वेळी तिने एक गाणं म्हटलं होतं. ते तिच्या आईकडून आलेलं, कुठे छापलेलं नाही. मुलगी दिली तुमसरला. ती म्हणायची, बाबा, मले एक कॉपी पाठवा. पण कॉपी होईना. नुसती पाहायला गेलं तर दिसायची, दुसरीवर उतरवायला गेलं की काळा पडदा. स्टुडिओवाल्याने, म्हणजे आमच्याच फोटोग्राफरने, लॉक टाकलं होतं. म्हाताऱ्याने त्याच्याकडे खेटे घातले, तर तो म्हणे, मूळ कॅसेट पुसली, आता काही होत नाही. दरम्यान सीडी मधेमधे अटकायला लागली होती. म्हणून कोणी सांगेल तो प्लेअर, कोणी सांगेल ती खटपट.

"साहेब, पेटी आपण विकत घ्याची आन् चावी दुकानदाराने ठेवाची, असं असते का कुठं?" तो म्हणाला. "बायको मायी, पोरगी मायी, लगन मी लावलं. आन् कॉपी काढाची बंदी मलेच! काहून?"



म्हाताऱ्याला काचेच्या खिडकीपलीकडे बसवलं आणि खात्री करायला ठाण्यातल्या टीव्हीवर सीडी लावली. सुरुवातीला नवऱ्यामुलीची हळद आणि पाठीमागे बायकांचा गलका. एक ठसठशीत बाई पुढे आली, हिरवं लुगडं, आणि गायला लागली. आमच्या प्लेअरवर सीडी कुठे अटकली नाही. त्याच वेळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. एसपी ऑफिसातून बंदोबस्ताची विचारणा होती. मी एका कानावर हात ठेवून "जी सर, जी सर" करत राहिलो. चार मिनिटांनी फोन ठेवला तेव्हा बाई हसत पदराने तोंड पुसत होती. आमचे शिपाई टाळ्या वाजवत होते.

म्हातारा निर्दोष होता, त्यात शंका उरली नाही. त्याला घरी सोडलं आणि फोटोग्राफरला बोलावून समोर उभं केलं. दोन प्रश्नांत त्याने सगळं कबूल केलं. म्हातारा त्याला ग्राहक मंचात खेचायला निघाला होता. म्हाताराच आधी तुरुंगात गेला तर तक्रार आपोआप मिटेल, असा त्याचा हिशेब. लॉकचं विचारलं तर म्हणे, "सगळेच टाकतात साहेब, नाहीतर लोक एक घेतात आन् गल्लीभर वाटतात." कॅसेट? तिच्यावर त्याने दुसरं लग्न शूट केलं होतं. खोटी खबर दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई केली, आणि आमचे फोटो काढायचं त्याचं काम त्याच दिवशी बंद.

मला वाटलं, प्रकरण संपलं.

जप्तीचा माल कोर्टाच्या हुकमाशिवाय परत देता येत नाही. हुकूम यायला आठवडा गेला. काका आले (आता मी त्यांना काका म्हणत होतो), सोबत तुमसरची मुलगीही. आमच्या हेड मोहर्रिरने, म्हणजे मालखाना सांभाळणाऱ्या हवालदाराने, पाकिटाचं सील फोडून सीडी दिली. मीच म्हटलं, "एकदा लावून बघू, मुलीलाही ऐकू दे." पडद्यावर अक्षरं आली, डिस्क नाही. पुन्हा लावली. डिस्क नाही.

मी सीडी उजेडात धरली. चकचकीत बाजूला, मधल्या भोकाभोवती, गुन्ह्याचा नंबर कोरला होता. सुईने. सुबक अक्षरात.

"हे काय केलंस?" मी ओरडलो.

बिचारा हवालदार म्हणाला, "सर, आपही का हुकुम था. हर चीज़ पर नंबर खोदना. उस तरफ दुल्हन का फोटो था. लड़की के मुँह पर कैसे खोदता?"

हुकूम माझाच होता. शाईचा नंबर पुसला गेला म्हणून एक खटला कोर्टात पडला होता आणि त्या रागात मी सगळ्या ठाण्याला बजावलं होतं, गावठी कट्टा असो की कढई, नंबर कोरायचाच. त्याने तो पाळला, वर माणुसकीही दाखवली. मुलगी मटकन खाली बसली. काका चष्मा पुसत राहिले. 

नागपूरला माणूस पाठवला. तिथले म्हणाले, सीडी मधल्या भोकाकडून वाचली जाते, ती सुरुवातीचीच रेघ गेली, त्यात लॉक. आता काही निघणार नाही. ते सांगायला मी स्वतः भरवेलीला गेलो. काकांनी खुर्ची दिली, मुलीने चहा ठेवला. मी माफी मागितली. 

काका म्हणाले, "म्हणजे शेवटचं तिले तुम्हीच ऐकलं साहेब. त्या गाण्याचे सहा कडवे. मले चार येते, पोरीलेही तेवढेच; बाकीच्यावर आमच्या घरी सीडी अटके. तुमचे शिपाई तर समदे हिंदीवाले, त्यायले काय समजलं असन. तुम्हाले मराठी येते. बाकीचे दोन सांगता का? पोरगी लिहून घेते."

मुलगी खरंच वही घेऊन बसली होती.

"काका," मी म्हणालो, "मी फोनवर होतो."

"हौ," ते म्हणाले. "होते फोनवर. खिडकीतून मी पायलं होतं." आणि मुलीला वही मिटायला सांगितली.

या प्रकरणाने काय शिकवलं म्हणाल, तर शिस्त चुकीच्या जागी बरोबर पाळली तरी घर उजाडतं, हे शिकवलं. पण ते शहाणपण झालं. खरी सल वेगळी आहे. नोकरीभर मी चोरांचे, खुन्यांचे, साक्षीदारांचे जबाब शब्दन्‌शब्द लिहून घेतले. ती बाई माझ्या ठाण्यात चार मिनिटं बोलत होती, माझ्याच भाषेत, आणि मी तिचा एक शब्दही टिपून घेतला नाही.