शून्य बास्केटचा गार्ड

स्वतःचं नुकसान इतकं मन लावून करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात, पण ते बिचारे चुकून पाडून घेतात. आमचा हा फर्स्ट इयरचा गार्ड धोंडा आधी नीट निवडायचा, त्याखाली पाय बरोबर ठेवायचा आणि वरून आपल्यालाच विचारायचा, "भाऊ, तुमाले त नाई ना लागला?" मी तेव्हा यवतमाळच्या कॉलेजात फायनलला होतो, बास्केटबॉलच्या टीमचा कॅप्टन होतो, आणि ते अख्खं वर्ष या पोराने मला रडकुंडीला आणलं. आज त्याच्याविषयी लिहायला बसलो तरी तोंडात पहिला शब्द येतो तो "अबे" हाच. कारण त्या वर्षात मी त्याच्याशी बोललेलं प्रत्येक वाक्य "अबे"पासून सुरू झालं आणि कपाळावर हात मारून संपलं.

तो उमरखेडच्या पुढच्या एका तांड्यातला. आजा-पणजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरलेले. बाप मात्र आता एका जागी बसून कापूस आणि तूर पिकवणारा. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी, आणि वर्गात प्रोफेसरांनी इंग्रजीत काही विचारलं की दोन्ही भाषा सोडून तो नुसता हसायचा. उंची बेताची, अंगाने काटक, केसांना इतकं तेल की टोपीसुद्धा टिकली नसती. होस्टेलवर आला त्या दिवशी आमची प्रॅक्टिस चालू होती आणि बॉल उडून ग्राउंडबाहेर लिंबाच्या झाडापाशी गेला. तिथे हा डोक्यावर ट्रंक घेऊन उभा. त्याने ट्रंक खाली ठेवली, बॉल उचलला आणि आम्हा नऊ-दहा जणांकडे नीट पाहून घेतलं. मग नेमका माझ्या छातीपाशी फेकला, असा की मला बोटसुद्धा हलवावं लागलं नाही. म्हणाला, "तुमच्याकडे मघापासून आलाच नाई ना जी." मी खूश झालो. मूर्ख होतो. पुढच्या सगळ्या अनर्थाची पाटी त्याने पहिल्याच दिवशी माझ्यासमोर धरली होती, आणि मला वाचता आली नाही.

आधी त्याचे गुण सांगतो, म्हणजे मी दुष्टाव्याने लिहितो आहे असं कुणाला वाटायला नको. बॉल खालून वर आणायचा आणि योग्य माणसाच्या हाती द्यायचा, हे गार्डचं काम. ते काम हा पोरगा जन्मतः शिकून आला होता. लहानपणी गुरं राखलेली, त्यामुळे कुठलं जनावर कुठल्या झुडपाआड आहे हे मान न वळवता त्याला कळायचं. ग्राउंडवर आम्ही चौघे त्याची गुरं होतो. डाव्या हाताने खेळायचा, उजव्यानेही खेळायचा, आणि आमचे बाकीचे वीर धापा टाकत मुरमावर बसले की हा त्यांच्यासाठी मडक्यातलं पाणी आणायला धावत जायचा. कॉलेजने त्याला कॅनव्हासचे बूट दिले. ते घालून तो वर्गात जायचा आणि खेळायला यायचा अनवाणी. "काबे, बूट कायले दिले तुले?" म्हणून मी ओरडलो, तर म्हणतो, "खेळून खराब होते ना, भाऊ." समोरच्याच्या हातून बॉल काढून घेतला की धावता धावता "माफ करजा हो" म्हणायचा. एकदा माफी मागताना तो इतका थांबला, की त्या माणसाने बॉल परत घेतला. हा हसत उभा!

पण हे सगळं सोसण्यासारखं होतं. न सोसण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे हा गडी स्वतः बास्केट करायचाच नाही. बोर्डाखाली एकटा उभा असो, समोर काळं कुत्रं नसो, हा मागे वळून पाहणार आणि बॉल दुसऱ्याला देणार. महिनाभर मी वाट पाहिली, नवा आहे, बुजला असेल म्हणून. मग एका संध्याकाळी त्याला धरलंच.

"अबे, तू फेकत काहून नाही?"

"फेकतो ना भाऊ. तुमचं सगळ्यायचं झालं का फेकतो."

"आमचं काय व्हायचं आहे?"

तेव्हा त्याने मला समजावून सांगितलं, अगदी लहान पोराला सांगावं तसं. होळीला त्यांच्या तांड्यात बकरा पडतो. एक जण वाटे करतो. घराघराचे वाटे लागतात, कुणाला कमी गेलं, कुणाला जास्त गेलं, तो नजरेने मोजतो, आणि सगळ्यात शेवटी जे उरेल ते आपण घेतो. त्याचा आजा वाटे करायचा, आता बाप करतो. "वाटनाऱ्यानं पयले आपल्या ताटात घेतलं त तांडा का म्हनन, भाऊ?" तुम्हीच मला वाटायला उभं केलं, आता माझं ताट मी आधी कसं भरू, असा त्याचा सरळ हिशेब. मी म्हटलं, "अबे, हा बॉल आहे. बकरा नाही." त्याने मान हलवली. पटलं नव्हतं, हे मान हलवण्यावरूनच कळत होतं.

बरं, वाटे तरी कसे! अगदी समान. आमच्या टीममध्ये वणीचा एक जाड्या होता. वडील जिमखान्याच्या सरांचे स्नेही, एवढीच त्याची खेळातली पात्रता. बॉल जवळ आला की तो डोळे मिटायचा. हा पठ्ठ्या त्यालाही मला देतो तेवढेच बॉल द्यायचा. पुसदला आम्ही मॅच खेळायला गेलतो, तर तिथल्या पोरांनी अर्ध्या वेळातच ओळखलं की यांचा बॉल पाळीपाळीने जातो. एकाला गेला, दुसऱ्याला गेला, की तिसऱ्याच्या अंगावर तिघे आधीच जाऊन उभे! आम्ही सपाटून हरलो. परतताना एस.टी.त मी त्याच्याशी बोललो नाही, तर त्याने आपली शिदोरी सोडली आणि ज्वारीच्या भाकरीचे सारखे तुकडे करून अख्ख्या टीमला वाटले. कंडक्टरलाही दिला. स्वतःला उरली नुसती मिरचीची चटणी. ती तो बोटाने चाटत बसला, आणि चेहऱ्यावर समाधान असं की जणू आम्हीच मॅच जिंकून येतो आहोत.

आता याच्यापुढची गंमत ऐका. एका सकाळी मी लवकर उठून ग्राउंडकडे गेलो, तर हा तिथे एकटाच. मी भिंतीआड थांबून पाहिलं. त्याने लांबून फेकला, गेला. बाजूने फेकला, गेला. डाव्या हाताने फेकला, तोही गेला! एकामागून एक, रिंगला न शिवता. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. हा पोरगा आमच्या सगळ्यांहून चांगला फेकत होता, फक्त त्यासाठी वाटून घ्यायला कुणी शेजारी असता कामा नये. मी पुढे झालो. मला पाहताच त्याने बॉल मला दिला. मी बॉल हातात धरून पायरीवर बसलो आणि खरंच सांगतो, त्या दिवशी मी आशा सोडली.

दिवाळीनंतर त्याचा बाप होस्टेलवर आला. उंच, डोक्याला लाल पागोटं, आवाज एकदम हळू. जिमखान्याच्या सरांसमोर खुर्चीवर बसेना, उभ्यानेच म्हणाला, "पोरगं खेळते म्हन्ते जी. खेळून का भेटते?" सरांनी सांगितलं की विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली तर फी माफ होईल, सर्टिफिकेट मिळेल, पुढे पोलिसात, रेल्वेत नोकरी लागेल. बापाने विचार केला. घरी वावर आहे, हाताशी माणूस नाही. शेवटी म्हणाला, "त्या यादीत नाव आलं त शिकू द्या. नाई त मिरगाच्या आंदी घरी, पेरनीले." पोरगा मान खाली घालून ऐकत होता. बाप गेल्यावर मला म्हणाला, "भाऊ, मले शिकाचं हाय. याडी म्हन्ते, तू मास्तर होजो." याडी म्हणजे त्याची आई. त्या अख्ख्या वर्षात त्याने स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं.

निवडीची मॅच आली. अमरावतीची टीम, आणि कडेला खुर्च्यांवर विद्यापीठाचे निवड करणारे दोन सर. आमच्या कॉलेजातून एकच जण घेणार, हे आधीच कळलं होतं. मी त्याला बाजूला घेऊन बजावलं, "आज वाटे-बिटे बंद. चार-पाच बास्केट तरी कर. नाव यादीत आलं पाहिजे." तो म्हणाला, "हाव भाऊ." आणि मीही मनातल्या मनात म्हणालो की माझंही शेवटचं वर्ष आहे, चार वर्षं मी या यादीसाठी झुरलो आहे. पण ते मी त्याला बोललो नाही.

काय खेळला तो त्या दिवशी! तीन जणांच्या मधून निघायचा, आणि बॉल कुठून आला हे कळायच्या आत माझ्या हातात असायचा, आणि मी रिंगसमोर मोकळा. मला फक्त उचलून टाकायचं काम. आयुष्यात केले नाहीत इतके बास्केट मी त्या संध्याकाळी केले. शेवटी एक पॉइंट मागे होतो, आणि हा बोर्डाखाली एकटा. मी घसा फाटेस्तोवर ओरडलो, "अबे फेक! फेक!" त्याने हात वर केले. मग थांबला. मान वळवली. आणि बॉल दिला वणीच्या जाड्याला! जाड्याने डोळे मिटले, बॉल वर भिरकावला, आणि देवाची करणी पाहा, तो गेला! शिटी वाजली. पोरांनी जाड्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. हा आमच्याभोवती उड्या मारत होता. "त्याले आज एकबी नोहता भेटला ना भाऊ!" आम्ही जिंकलो होतो आणि त्याच्या नावापुढे शून्य होतं.

पोरं विहिरीकडे हात-पाय धुवायला गेली, आणि त्या दोघांपैकी म्हाताऱ्या सरांनी मला बोलावलं. त्यांच्या मांडीवर कागद होता. आमच्या कॉलेजपुढे पेन्सिलीने दोन नावं लिहिलेली होती, एक माझं आणि एक त्याचं. मी ती समोरून उलटी वाचली.

"तो अनवाणी खेळणारा पोरगा," सर म्हणाले, "कसा आहे? तू कॅप्टन आहेस. तूच सांग."

मला एकच सांगायचं होतं, की सर, माझे सगळे बास्केट त्याचे आहेत. एवढंच. मला ते ठाऊक होतं. त्याच्या बापाची अट ठाऊक होती, याडीचं म्हणणंही ठाऊक होतं. आणि मी म्हणालो, "चांगला आहे सर. पण फर्स्ट इयरचा आहे. स्वतः बास्केट करत नाही, सुधारायला वाव आहे. पुढच्या वर्षी पक्का तयार होईल."

सरांनी "बरं" म्हटलं आणि खिशातून रबर काढलं.

यादी लागली तेव्हा त्याने ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. मग बाजारातून गूळ-शेंगदाणे आणून होस्टेलभर वाटले, "आपले भाऊ निवडले" म्हणून. परीक्षा संपली, ट्रंक डोक्यावर घेतली आणि गेला. मी विद्यापीठाच्या टीमबरोबर गेलो आणि बहुतेक वेळ बाकावर बसून आलो. जे काही थोडं खेळलो त्यात मला बॉल मिळेना, मिळाला तर नेमका तिघांच्या गर्दीत. मला फेकता येत नव्हतं, हे तिथल्या सगळ्यांना दोन दिवसांत कळलं. मला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं.

आठ-नऊ वर्षांनी, शाळेतल्या नोकरीत परीक्षेच्या कामासाठी उमरखेडला गेलतो, तेव्हा एस.टी. स्टँडवर कुणीतरी मागून माझी पिशवी हातातून काढून घेतली. वळून पाहतो तर हा! तसाच काटक, डोक्याला बापासारखं पागोटं. मला ओढत चहाच्या टपरीवर नेलं आणि चहावाल्याला सांगितलं, "हे आमचे कॅप्टन. विद्यापीठाकून खेळले. लय मोठे प्लेअर." मी मान खाली घातली. घरचं विचारलं, वावराचं विचारलं. याडी वारली होती. चहा झाल्यावर थोडा घुटमळला.

"भाऊ, एक इचारू? त्या मॅचच्या दिवशी ते खुर्चीवरचे सर तुमच्यासंग बोलून राह्यलते. माह्याबद्दल काही इचारलं होतं काय त्यायनं?"

इतकी वर्षं नांगरामागे चालताना हा पोरगा हेच घोळवत होता, आणि मी मोठा प्लेअर म्हणून फिरत होतो.

"विचारलं होतं," मी म्हणालो.

"मंग? तुमी का सांगतलं?"

"चांगला आहे म्हणालो."

त्याचा चेहरा असा फुलला की मला पाहवेना. "म्हंजे ध्यान गेलतं त्यायचं! मले वाटे, आपल्याकडे कोनी पाह्यलंच नसन." मग त्याने चहावाल्यालाही ते सांगितलं, शेजारी बसलेल्या दोघा अनोळखी माणसांनाही सांगितलं. माझी एस.टी. लागली तेव्हा आधी चढून खिडकीजवळची जागा धरली, पिशवी ठेवली आणि बस हलेपर्यंत खाली उभा राहिला.

मी खोटं बोललो नव्हतो. त्या दिवशी सरांना सांगितलेलं पहिलं वाक्य तेच होतं. पुढची वाक्यंही मला पाठ आहेत. ती त्याला सांगण्याचा धीर मला त्या खिडकीत झाला नाही, आणि अजूनही झालेला नाही.