बोर्डावर टांगलेलं दुखणं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधं काम केलं ते बाजेची दोरी आवळायचं. बाज मधोमध खोल गेली होती, झोपलं की पाठ जमिनीला टेकायची. हे काम एकट्याने होत नाही. एकाने पायथ्याशी बसून दोरी ओढायची, दुसऱ्याने ती अंगठ्याने दाबून धरायची, ढिली पडू नये म्हणून. मी ओढत होतो, माझी बायको द्वारकी धरत होती. तिच्या हातातून दोरी दोनदा निसटली.

मी म्हणालो, "जोर लाव की जरा. सरकारी पगार खाते ना?"

"सरकारने अंगात जोर ठेवला असता तर लावला असता," ती म्हणाली आणि हसली.

मग दोरी धरल्याधरल्याच म्हणाली, "मनं नाव तठून काढी टाका. बठ्ठा लोके वाचतंस."

माझं नाव तिथून काढून टाका, सगळे लोक वाचतात... आम्ही मूळचे पिंपळनेरकडचे, घरात हीच बोली. मी म्हणालो, "उद्या जातो." त्यानंतर ती बाजेवरून उठून कुठलं काम करायला गेली नाही.

मी चौथी शिकलो. चुका असतील तर सुधारून छापा. तुमच्या अंकात लोक भुताखेतांचं लिहितात, ते मी वाचतो आणि हसतो. पिंपळनेरला आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात देवी यायची. मी तिला तोंडावर विचारलं होतं, "देवी, माझा बैल कोणी नेला ते सांग." देवी गप्प. बाकीचे मला मारायला धावले. मी आयुष्यभर जिनिंगमध्ये हमाली केली. कापसाची गाठ पाठीवर घेतली की ती किती जड आहे ते पाठीला कळतं. जे पाठीला कळतं तेवढंच मी खरं मानतो. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं घेतली.

तेव्हा धुळे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले नव्हते. द्वारकी धुळ्यातल्या एका जिल्ह्याच्या ऑफिसात पाणी भरणारी होती. ऑफिसचं नाव लिहीत नाही. पण नोकरी कायम होती. सकाळी सगळ्यांच्या आधी जायची, माठ घासायची, भरायची, भोवती ओलं फडकं गुंडाळायची. धुळ्याच्या उन्हाळ्यात त्या माठांवरच ऑफिस चालायचं. लहानमोठे सगळे तिला द्वारकाअक्का म्हणायचे.

मग तिला पिशवीचा आजार झाला. सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी दाखला लिहून दिला, त्यात सगळं सविस्तर होतं. रजेसाठी तो दाखला ऑफिसात द्यावा लागतो. द्वारकीने तो पाकिटात घातला, पाकिटाला भाताचं शीत लावून चिकटवलं, आणि आस्थापनेच्या क्लार्कच्या हातात स्वतः दिला. मी बाहेर सायकल धरून उभा होतो. ती म्हणाली, "बंद करून दिलं, आता काळजी नाही."

तेव्हा ऑफिसात नवे साहेब आले होते. त्यांचं म्हणणं, लोक खोटे दाखले आणतात, रजा घेऊन शेतात कापूस वेचतात. म्हणून त्यांनी हुकूम केला — जो कोणी लांब रजेवर असेल त्याचं नाव आणि रजेचं कारण नोटीस बोर्डावर लावायचं. काच लावलेली लाकडी पेटी होती ती, कुलपाची. दरवाजातून आत शिरलं की समोरच. त्याच काचेआड शिपाईभरतीला आलेल्या पोरांचे कागदही लावलेले असायचे. नाव, बापाचं नाव, जात, छातीचं माप, आणि ज्याला घेतलं नाही त्याच्यापुढे 'डोळा अधू', 'एक पाय आखूड'. पोरगं पायाने नाही, पण त्या कागदाने लंगडं होऊन गावी परत जायचं.

बाज आवळली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. बोर्डावर बोट ठेवून हळूहळू वाचलं. क्लार्कचं अक्षर चांगलं, निळ्या शाईने लिहिलेलं. द्वारकीचं नाव, हुद्दा, आणि पुढे दाखल्यातलं सगळं. गर्भाशय. सतत रक्तस्राव. वगैरे वगैरे... मला पुढचं लिहायला अजून हात चालत नाही. एवढं मी तिचा नवरा असून तिने मला कधी उघड सांगितलं नव्हतं. ते सगळं तिथे बिडी ओढत उभे असलेले ट्रकवाले वाचत होते. तिच्या ओळीच्या खाली एका नवीन टायपिस्ट मुलीची ओळ होती, तिचं पोट पडलं होतं ते लिहिलेलं. त्याखाली दोन पुरुष. त्यातल्या एकाला टीबी झाला होता. तो ड्रायव्हर होता, रजा संपायच्या आधीच कामावर आला होता, पण ओळ तशीच. त्याच्याजवळ कोणी जेवायला बसत नव्हतं.

क्लार्क चाळीसगावहून रोज गाडीने यायचा. मी त्याला विचारलं, "भाऊसाहेब, माझ्या बायकोने पाकीट चिकटवून दिलं होतं. ते फोडलं कोणी?"

"नाना, पाकीट फोडल्याशिवाय रजा मंजूर कशी होणार?"

"रजेसाठी फोडलं ते ठीक. मग भिंतीवर कशाला लावलं?"

"साहेबांचा हुकूम."

"लेखी?"

तो म्हणाला, "तोंडी आहे. पण तोंड साहेबांचं आहे ना."

मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "बाबा, सरकारी नोकराचं सरकारपासून काय लपवायचं?" मी म्हणालो, "सरकार म्हणजे बिडीवाले का?" तर त्यांनी घंटी वाजवली. मला बाहेर काढलं.

घरी येऊन मी द्वारकीला सांगितलं, काढतील. खोटं सांगितलं. ती म्हणाली, "मधे दोन दिवस कामावर गेले होते ना, तेव्हा लोक पाणी पीत नव्हते माझ्या माठातलं. त्यांना वाटतं माझ्या हातून लागेल." मग भिंतीकडे तोंड करून झोपली. त्याच आठवड्यात ती गेली. शेवटी तिला बोलता येत नव्हतं, पण डोळे माझ्याकडे होते, आणि त्या डोळ्यांत तो बोर्डच होता, दुसरं काही नव्हतं. हे मला कोणी सांगायची गरज नाही.

तेरावं झाल्यावर मी मयताचा दाखला घेऊन ऑफिसात गेलो. दुपारची जेवणाची सुट्टी होती. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आत शिरलो तर समोर तीच ओळ. बाई मेली, जाळून आलो, हाडं पांझरा नदीत सोडली, आणि तिचा रक्तस्राव भिंतीवर चालूच!

क्लार्कला दाखला दिला. म्हणालो, "आता तरी काढा."

"काढतो नाना. साहेबांची सही झाली की."

"मेलेल्या बाईची रजा चालू आहे का?"

तो मान खाली घालून दाखल्यावर शिक्का मारत बसला.

मी बोर्डासमोर जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हर बाकावर एकटाच डबा खात होता. मी काचेवर हात ठेवला, तिच्या ओळीवर, की निदान माझ्या तळव्याखाली ती झाकली जावी. काच तापलेली होती. आणि मग ती गार झाली.

हळूहळू नाही. भरलेल्या माठाला हात लावावा तशी एकदम गार. मी हात मागे घेतला. काचेच्या आत, पेटीच्या आत, तिच्या नावावर पाणी आलं होतं. वरून ओघळलं नव्हतं. नावावरच उमटलं. शाई फुगली, पसरली, मग फिकी झाली, आणि ओळ गेली. जणू कोणी ओल्या बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसत नेलं. मग ते बोट थांबलं... आणि खालच्या ओळीवर आलं. टायपिस्ट मुलीची ओळही तशीच पुसली गेली. त्याखालच्या पुरुषांच्या ओळींना पाणी लागलं नाही. एक थेंबसुद्धा नाही.

"नाना," ड्रायव्हर मागून म्हणाला, "तुम्ही काय केलं?"

"मी काय करणार? कुलूप बघ."

कुलूप लागलेलं होतं. क्लार्क किल्ल्या घेऊन धावत आला. पेटी उघडली. कागद दोन ओळींपुरता ओला, बाकी कोरडा, कडकडीत. मागची फळी कोरडी. वरचं छत मी, ड्रायव्हर आणि क्लार्क, तिघांनी मान वर करून पाहिलं, तेही कोरडं, आणि पावसाळा अजून लांब होता. पेटीतून वाळ्याचा वास आला. ती माठात वाळ्याची जुडी टाकायची. क्लार्कने बोट लावलं आणि झटकन काढून घेतलं. म्हणाला, "बर्फासारखं आहे."

ऑफिसात नंतर खूप बोललं गेलं. कोणी म्हणालं, शाई हलकी होती, घामाने विरघळली. काचेआड कोणाला घाम येतो? कोणी म्हणालं, म्हाताऱ्याने पिचकारी मारली. पेटीच्या फटीत नखसुद्धा शिरत नव्हतं. मी ते आजपर्यंत डोक्यात उलटसुलट करून पाहिलं आहे, जिनिंगमधल्या शिकलेल्या फोरमनलाही विचारलं. काही कळलं नाही. ज्यांच्याकडे उत्तर होतं त्यांनी तिथे उभं राहून पाहिलेलं नव्हतं.

पण मला राग आला तो त्यानंतरच्या गोष्टीचा. साहेब बाहेर आले. गर्दी पांगवली. कागद हातात धरून क्लार्कवर ओरडले, "सरकारी कागदाशी ही काय मस्ती? उद्या अकराच्या आत नवा लिहून लावायचा. सगळी नावं. जशीच्या तशी!"

क्लार्क म्हणाला, "साहेब, ती बाई तर वारली."

"मग पुढे 'मयत' लिही."

आत्ता जी बोटं क्लार्कने त्या पाण्याला लावली होती, त्याच बोटांनी त्याने कागद घेतला आणि म्हणाला, "लिहितो साहेब." मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्याला माझ्या डोळ्याला डोळा देता आला नाही. मेलेल्या बाईने स्वतः येऊन जे पुसलं ते जिवंत माणसं उद्या परत लिहिणार! घरी जाऊन बाजेवर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवालीने दार उघडलं तसा मी आत गेलो. पेटी दोन मोठ्या खिळ्यांना अडकवलेली होती. खाली वाकून खांदा लावला, उचलली, काढली. कापसाच्या गाठीपुढे ती काहीच नव्हती. काच फोडली नाही. खाली उतरवून काच भिंतीकडे केली आणि पेटीला पाठ लावून जमिनीवर बसलो. लोक येऊ लागले. मला बघून थबकायचे, बाजूने जायचे. क्लार्क नवा कागद घेऊन आला, समोर उभा राहिला, मग कागद घडी करून खिशात घातला आणि आपल्या टेबलाकडे गेला. ड्रायव्हर आला. काही न विचारता माझ्या शेजारी पेटीला टेकून बसला. एरवी त्याच्याजवळ कोणी बसत नव्हतं, तर मी जरा सरकून त्याला जागा केली.

अकराला साहेब आले.

"हे काय? उठा."

मी म्हणालो, "साहेब, आधी तुमच्या घरातल्या बाईला काय होतं ते लिहा. ते मी स्वतःच्या हाताने सगळ्यांत वर लावतो. मग उठतो."

साहेबांनी क्लार्ककडे पाहिलं. क्लार्क टेबलाशी मान खाली घालून काहीतरी लिहीत होता, की लिहिण्याचं नाटक करत होता. अख्खं ऑफिस उभं होतं. ड्रायव्हर खोकला, आणि पहिल्यांदाच कोणी मागे सरकलं नाही.

मी उठलो नाही.