नुसता उजेड

वाटूरच्या चौफुलीवर, पंक्चरच्या दुकानाला लागून मीनाचा फोटो स्टुडिओ आहे. मी शाळेत शिकवत होतो तोवर दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो तीच काढायची. मुलं ओळीत उभी राहिली की ती एकेकाकडे बघून घ्यायची आणि ज्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं असेल त्याला काही न बोलता मागच्या रांगेत सरकवायची. या नजरेमुळे ती मला पहिल्यापासून आवडते. माणसाला फोटोतून काढून टाकायलाही तीच नजर लागते, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

आता फोटो ज्याच्या त्याच्या खिशात आहेत. मीनाचं पोट पासपोर्ट फोटोंवर चालतं. पण अलीकडे शहरांतली तरुण मुलं पुन्हा जुने रोलचे कॅमेरे घेऊन फिरू लागली आहेत, आणि त्यांचे ब्लॅक अँड व्हाइट रोल कुरिअरने वाटूरला येतात. मागच्या न्हाणीत, अंधार करून, मीना ते धुते. शेवटचं पाणी जारचं. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके फिल्मवर बसतात. ओल्या पट्ट्या कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला लावते, वाळल्या की स्कॅन करून पाठवते. माझी दुपार बरेचदा तिथल्या बाकावर जाते. चहा मी आणतो.

गावातल्या कारभारी आबांचं नाव तिच्यासमोर निघालं, की ती हातातलं काम जरा जास्तच जोराने करू लागे. एकदा मी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं.

आबांच्या तृप्तीचं लग्न होतं. मीनाचा नवरा संपत काविळीने अंथरुणावर, म्हणून कॅमेरा घेऊन मीना एकटीच गेली. पहाटे हळदीपासून ती उभी होती. दुपारी बायकांच्या पंगतीत बसली, पानात वाढून झालं, पहिला घास हातात घेतला, तेवढ्यात आबा आले.

"फोटोवालीला पंगतीत कोणी बसवलं? आधी पाव्हणे. ती जेवंल मागून, वाजंत्र्यांबरोबर."

एवढं म्हणून त्यांनी तिच्यापुढचं वाढलेलं ताट स्वतःच्या हाताने उचललं. सगळी पंगत बघत होती. कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. आबांची बायको साळूबाई हातात वरणाचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली. नंतर पदराखाली झाकून तिने गोठ्यात बसलेल्या मीनाला दोन पुरणपोळ्या आणून दिल्या आणि म्हणाली, "माझ्याकडं बघून खा, माय."

"खाल्ल्या," मीना मला म्हणाली. "साळूबाईकडं बघून खाल्ल्या. अन् मंग मांडवात गेले."

रोलच्या काळात फोटोग्राफरांची एक सवय होती. पोरंटोरं उगाच पुढे पुढे करू लागली, की रोल वाया घालवायचा नाही. फ्लॅशच्या मागचं छोटं बटण दाबायचं, फोटोचं नाही. लख्खकन उजेड पडतो, पोरं खूष होतात, आणि कॅमेऱ्याला काही कळतही नाही. त्या दिवशी कन्यादानाला, आहेराला, व्याह्यांच्या गळाभेटीला, जिथे जिथे आबा उभे राहिले तिथे तिथे मीनाने तेच बटण दाबलं. आबा दर वेळी फेटा सारखा करत होते, छाती काढत होते. अल्बम आला तेव्हा पोरीच्या लग्नात बाप कुठेच नव्हता. मीनाने त्यांना सांगितलं, तेवढ्या रोलमध्ये उजेड शिरला.

आबांशेजारी उभी राहणारी साळूबाईही अल्बममधून गेली. ती पुढे लवकरच वारली. मागे राहिलं ते मतदार ओळखपत्र, आणि त्यावर तोंडाच्या जागी काळा डाग.

गेल्या उन्हाळ्यात कारभारी आबा स्वतः स्टुडिओची पायरी चढले. ऐंशीच्या घरातले, हातात काठी, बरोबर तृप्ती. तिने बदनापूरला नवीन घर बांधलंय, आबा आता तिच्याकडेच असतात.

"मावशी," तृप्ती म्हणाली, "आईचा एखादा फोटो असंल का वो तुमच्याकडं? कसाबी चालंल."

मीनाने आबांकडे बघितलं नाही. आत गेली आणि बटर पेपरात गुंडाळलेली एक पट्टी घेऊन आली. हळदीच्या वेळी दुसऱ्या जुन्या कॅमेऱ्यात काळा-पांढरा रोल होता, त्यातली. तिने पट्टी हलक्या हाताने पुसली, स्कॅनरमध्ये ठेवली. पडद्यावर आधी काळं तोंड आणि पांढरे केस आले. मग तिने एक कळ दाबली आणि सगळं उलटलं. डोक्यावरचा पदर घसरलेला, गालाला हळद फासलेली, साळूबाई तोंड उघडं टाकून हसत होती.

तृप्ती पडद्याजवळ सरकली. "आई अशी हसायची?"

"एकदा हसली. मला म्हणली, ह्यांना दाखवू नको गं."

आबांनी घसा खाकरला. "मला तिच्या शेजारी बसव, मीना. आताशा कम्प्यूटरवर जोडतात म्हणं. जोडीचा फोटो पायजे. मी गेल्यावर लोकांनी बघावं, की हे नवरा-बायको होते."

"मोबाइलचा फोटो तिच्या शेजारी उपरा दिसंल," मीना म्हणाली. "रोलवरच काढावा लागंल. बसा."

तृप्ती समोरच्या दुकानात फ्रेम बघायला गेली. आबा स्टुलावर बसले, फेटा सारखा केला. मीनाने त्यांच्यासमोरच कॅमेऱ्यात नवा रोल भरला. मी बाकावरून उठू लागलो.

"बसा गुरुजी," ती म्हणाली. "साक्षीला कोणी तरी पायजे."

तिने कॅमेरा डोळ्याला लावला. आबा एकदम म्हणाले, "दोन्ही बटणं दाबशील ना या बारीला?"

तिने कॅमेरा खाली घेतला. "कधी कळलं?"

"अल्बम आला तवाच. मी काय बिलकुल अडाणी हाय का?"

"मंग बोलले का न्हाई?"

"बोललो असतो तर लोक म्हणले असते, तिनं असं का केलं. मंग ताटाचं सांगावं लागलं असतं." ते काठीच्या मुठीकडे बघत होते. "तृप्ती नवरी होती, आत होती. तिला ठाऊक न्हाई."

"म्हणून तर म्हणते, सांगा." मीनाचा आवाज चढला नाही, मुलांना ओळीत उभं करताना असायचा तसाच होता. "ती फ्रेम घेऊन येईल. तिच्यासमोर म्हणा, मी मीनाचं वाढलेलं ताट उचललं अन् तुझी आई बघत होती. एवढंच. दोन्ही बटणं दाबते. लई चांगला काढते, बायकोशेजारी शोभाल असा."

"म्हातारपणी पोरीच्या दारात पडलोय मी, मीना."

"मीबी तुमच्या दारातच बसल्ते, आबा. घास हातात होता."

बाहेर रस्ता ओलांडून तृप्ती येताना दिसली. पायरीवर तिची चप्पल वाजली. आबांचे ओठ हलले. मला वाटलं, सांगतात. पण त्यांनी मान ताठ केली, छाती काढली आणि हळूच म्हणाले,

"पाड. नुस्ता उजेड पाड."

मीनाने फ्लॅशच्या मागचं बटण दाबलं. खोली लख्ख झाली.

"झाला का आबा फोटो?" तृप्तीने दारातून विचारलं.

"झाला," आबा म्हणाले.

पुढच्या महिन्यात मी बदनापूरला गेलो होतो, तेव्हा तृप्तीच्या घरी चहा घेतला. साळूबाई बैठकीच्या भिंतीवर होती, मोठी, एकटी, हसणारी. तृप्ती म्हणाली, "आबांचा रोल खराब निघाला म्हणं. पुन्हा चला म्हटलं तर न्हाई म्हणतात." आबा तिथेच खाटेवर पडून होते. त्यांनी मला राम राम केला नाही.

परत आलो तर मीना दोरीवर पट्ट्या लावत होती. मी तिला सगळं सांगितलं. भिंत कोणती, उंची किती, उजेड कुठून येतो, सगळं विचारून घेतलं. मी म्हणालो, "मीना, आता सोड. म्हातारा थकलाय."

तिने एक चिमटा लावला.

"खाट फोटोच्या समोरच हाय ना, गुरुजी?"

"समोरच आहे."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली, आणि तिने पुढची पट्टी घेतली.